वाचनालयाचा प्रस्ताव दोनदा परत आला, चुकतंय कुठे? (नाशिक)

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचा मी चिटणीस. नाव मुद्दाम देत नाही, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. वाचनालय १९६७ चं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला त्याच वर्षी आमच्या वडीलधाऱ्यांनी एका वाड्याच्या ओसरीवर दोन कपाटं मांडून सुरू केलेलं. आज शासनमान्य 'ब' वर्ग आहे. परिरक्षण अनुदान हप्त्याने येतं, त्यातलं निम्मं पगारात जातं. उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल. म्हणजे नवीन काही करायचं म्हटलं की बाहेर हात पसरणं आलं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला (बाहेरगावच्यांसाठी: गंगा म्हणजे आमची गोदावरीच) तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली. लाकडी रॅक तेव्हापासून फुगलेत, दारं लागत नाहीत. लोखंडी रॅक हवेत, अभ्यासिकेला खुर्च्या हव्यात, मुलांसाठी एक कोपरा करायचाय, कॉम्प्युटरवर नोंदी करायच्यात. दोन वर्षांत दोन प्रस्ताव पाठवले. एका कंपनीकडून दोन ओळींची ईमेल आली, 'आपला प्रस्ताव विचारात घेता आला नाही'. दुसरा सरकारी योजनेतला, तो त्रुटी काढून परत. कंपनीला पाठवलेला प्रस्ताव अकरा पानांचा होता हो! 'वाचाल तर वाचाल' पासून सगळं घातलं होतं.

प्रस्ताव लिहायचा कसा हे कोणी शिकवेल का? ज्यांना पैसे मिळालेत त्यांनी तर नक्कीच लिहा.

सिन्नरचा वारा

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही हेच रडगाणं.

जुना हिशेबनीस

पंचवटीकर, त्रुटी कोणत्या काढल्या ते आधी सांगा. 'कागदपत्रं अपुरी' एवढंच म्हणू नका, पत्रात काय शब्द होते?

पंचवटीकर

तीन होत्या. कार्यकारी मंडळाच्या ठरावाची तारीख अर्जाच्या नंतरची. अध्यक्षांचं नाव पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीच्या) उताऱ्याशी जुळत नाही. आणि दरपत्रक एकच जोडलंय.

जुना हिशेबनीस

वाटलंच. मी तीस वर्षं संस्थांच्या हिशेबाची पुस्तकं लिहिली, सगळीकडे हीच गत.

तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असणार. निवडणूक झाली, अध्यक्ष बदलले, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. पण धर्मादाय कार्यालयात कलम २२ चा बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दिला का? बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं. मी एका संस्थेचा उतारा पाहिलाय ज्यावर सातातले तीन विश्वस्त स्वर्गवासी होते. पैसे देणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. ज्याची सही आहे त्याचं नाव सरकारी कागदावर नाही, जे कागदावर आहेत ते सही करायला नाहीत. कोण देईल?

ठरावाचं म्हणाल तर क्रम साधा आहे. आधी बैठक आणि ठराव, मग दरपत्रकं, मग अर्ज. ठरावात 'प्रस्ताव पाठवण्यास मंजुरी' एवढं मोघम नको. कोणत्या योजनेत, किती रकमेचा, संस्थेचा हिस्सा किती आणि तो कोणत्या खात्यातून, सह्या कोण करणार हे लिहा. सूचक-अनुमोदक टाका. इतिवृत्ताच्या वहीत पान क्रमांक असतो, तोही प्रतीवर येऊ द्या.

दरपत्रकं तीन घ्या आणि तिन्ही एकाच मापाची घ्या. एकाने सहा फुटी रॅकचा भाव दिलाय, दुसऱ्याने साडेसहा फुटी, अशी तुलना होत नाही. आणि जीएसटी! एका वाचनालयाने दीड लाखाचे रॅक मंजूर करून आणले, दरपत्रक करासकट नव्हतं. लोखंडी फर्निचरला १८ टक्के. २७ हजार कार्यकारिणीने खिशातून भरले. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे पुस्तकं घेणारी मंडळी हे हमखास विसरतात.

भो नाशिककर

एवढं सगळं करून शेवटी वशिला लागतोच ना भो. आमदाराचा माणूस ओळखीचा असला की आमदार निधीतून पुस्तकं येतात, नाहीतर बसा रजिस्टर लिहीत. आणि मोठ्या संस्थांचं वेगळं. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, 'सावाना' म्हटलं की सगळं नाशिक ओळखतं. गल्लीतल्या वाचनालयाला कोण विचारतो.

निफाडची ग्रंथपाल

ओळख असली तर प्रस्ताव वाचला जातो, हे खरं. नाकारत नाही. पण माझी कोणाशीच ओळख नव्हती आणि आमच्या वाचनालयाला दोनदा मिळालेत, म्हणून थोडं लिहिते. टंकायला वेळ लागेल, सांभाळून घ्या.

पंचवटीकर दादा, तुमच्या अकरा पानांत एक तरी आकडा तुमच्या स्वतःच्या वाचनालयाचा होता का? माझ्या पहिल्या प्रस्तावात नव्हता. मी लिहिलं होतं, 'आजच्या मोबाईलच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत असून ती जोपासणे ही काळाची गरज आहे.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयाच्या प्रस्तावात टाका, बसेल. म्हणजे ते आमच्याबद्दल काहीच सांगत नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी एक केलं. टेबलावर हजेरीची वही ठेवली होतीच, फक्त सह्या व्हायच्या. त्यात तीन रकाने वाढवले: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि 'काय हवं होतं ते मिळालं का'. शेवटचा रकाना सोन्यासारखा निघाला. तीन महिन्यांनी बसून मोजलं तर 'नाही' लिहिणाऱ्यांत बहुतेक नववी-दहावीच्या मुली होत्या आणि त्यांना विज्ञानाची, प्रयोगांची पुस्तकं हवी होती. आमच्याकडे ती जुनी, फाटकी. मग मी 'पुस्तकांसाठी अनुदान' मागितलंच नाही. या मुलींसाठी विज्ञानाची २०० पुस्तकं मागितली, यादीसकट, आणि सोबत वहीच्या दोन पानांची झेरॉक्स लावली, नावं झाकून. बाकी प्रस्ताव साडेतीन पानांचा.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम बघा. शंभर पुस्तकांची एक पेटी. देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होणार ते डोळ्यांसमोर दिसतं: एक पेटी, शंभर पुस्तकं, एक वाचक गट. तुमच्या मागणीचीही अशी पेटी झाली पाहिजे.

वाचनवेडा इंजिनीअर

ताई, +१. 'मिळालं का' हा रकाना आमच्या सोसायटीच्या लायब्ररीत उद्यापासून.

मेघना_अंबड

मी टेबलाच्या पलीकडे बसते. अंबडच्या एका कारखान्यात सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) बघते, पूर्ण वेळ तेच काम. कंपनीचं नाव विचारू नका.

आधी कायद्याचं, कारण अर्ध्या संस्थांना वाटतं की आम्ही दानधर्म करतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. ते कशावर, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. वारसा, कला, संस्कृतीच्या नोंदीत 'सार्वजनिक ग्रंथालये उभारणे' हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. शिक्षणाची नोंद वेगळी. अभ्यासिका, मुलांचा कोपरा तिच्यात बसवता येतो. हे तुम्ही तुमच्या पहिल्या पानावर लिहिलंत तर मी दुवा देईन, कारण कमिटीपुढे मला ते लिहावंच लागतं. कायद्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही म्हटलंय, तेव्हा आमच्या गेटपासून तुमचं वाचनालय किती किलोमीटर ते सांगा. लाजू नका.

१ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा (म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेने भरायच्या फॉर्मचा) नोंदणी क्रमांक नसेल तर आम्ही इच्छा असून देऊ शकत नाही. त्याबरोबर आयकराच्या १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट). या नोंदण्या आता कायमच्या नसतात, मुदत बघा. माझ्याकडे उत्तम प्रस्ताव आलेत ज्यांची १२ए ची मुदत संपलेली होती, आणि मला दोन ओळींची ईमेल पाठवावी लागली. (पंचवटीकर, ती तुम्हाला मी पाठवलेली नसावी अशी आशा!)

आता वाचायचं कसं. महिन्याला वीस-पंचवीस प्रस्ताव येतात. मी पहिला परिच्छेद वाचते आणि थेट अंदाजपत्रकावर जाते. पहिल्या परिच्छेदात किती रुपये, कशाला, कोणासाठी, कधीपर्यंत हे मिळालं नाही तर ती फाइल संध्याकाळच्या ढिगात. संस्थापकांचं चरित्र शेवटी जोडा, मी आवडीने वाचीन.

अंदाजपत्रकात 'इतर खर्च ५०,०००' दिसला की माझा पेन थांबतो. इतर म्हणजे काय? वाहतूक आणि जोडणी असेल तर तसं लिहा. शिवाय जे आम्ही गेल्यावर चालवायचंय त्याचा खर्च कोण करणार ते सांगा. पंखे आम्ही दिले तर वीजबिल कोण भरणार, एवढं साधं. 'सभासद वर्गणीतून, सध्या महिन्याला इतकी जमते' असं एक वाक्य पुरतं.

आणखी एक गंमत. बरेच जण लिहितात, 'आपल्या कंपनीच्या उत्पादनांचा फलक दर्शनी भागात लावू'. नका लिहू. मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व नियमाने सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. 'कंपनीच्या कामगारांच्या मुलांसाठी राखीव' हेही नको, फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम मोजत नाहीत. खुल्या वाचनालयात कामगारांची मुलं आली तर उत्तमच.

भो नाशिककर

मेघनाताई, तुम्ही म्हणता ते पटतंय, पण भेट मिळत नाही ना कोणाची. गेटवर वॉचमन विचारतो, अपॉइंटमेंट आहे का.

मेघना_अंबड

मार्चमध्ये येऊ नका, तेव्हा आम्ही हिशेब मिटवत असतो. एप्रिल ते जूनमध्ये वर्षाचं नियोजन ठरतं, तेव्हा एक पानाची ईमेल करा. फक्त एक पान. आवडलं तर आम्हीच पूर्ण प्रस्ताव मागतो.

पंचवटीकर

बापरे, काय माणसं आहात तुम्ही! हिशेबनीस काका, चेंज रिपोर्ट दिलेला नाहीये. अध्यक्ष बदलून पावणेदोन वर्षं झाली. उशीर माफीच्या अर्जासकट उद्याच वकिलांकडे जातो.

निफाडच्या ताईंचं वाचून मी वही काढून बसलो. एप्रिलमध्ये २६ दिवस वाचनालय उघडं होतं, अभ्यासिकेत १,०९२ सह्या. रोजच्या ४२ आल्या. खुर्च्या २४. म्हणून असं लिहिलंय, बघा: 'आमच्या अभ्यासिकेत २४ खुर्च्या असून रोज सरासरी ४२ विद्यार्थी येतात. त्यामुळे १८ विद्यार्थ्यांना जागेअभावी परत जावे लागते. तरी १८ खुर्च्या मिळाव्यात.' कसं वाटतं?

जुना हिशेबनीस

चूक. सकाळी सातला येणारा दहाला उठला आणि त्याच खुर्चीवर अकराला दुसरा बसला, तर दोन सह्या आणि एक खुर्ची. ४२ सह्या म्हणजे ४२ खुर्च्या नव्हेत. मेघनाताईंसारख्या कोणी हे पकडलं तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल.

निफाडची ग्रंथपाल

काका बरोबर बोलतायत. दादा, सलग दोन आठवडे संध्याकाळी सहा वाजता उठून डोकी मोजा. बसलेली वेगळी, उभी वेगळी, जिन्यावर बसलेली वेगळी. स्पर्धा परीक्षेची मुलं क्लास सुटल्यावर येतात, गर्दी तेव्हाच असते.

पंचवटीकर

मोजलं. (पंधरा दिवसांनी लिहितोय.) बारा दिवसांची नोंद आहे. सहा वाजता २४ च्या २४ खुर्च्या भरलेल्या नऊ दिवस. ओसरीच्या पायऱ्यांवर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले कमीत कमी पाच, जास्तीत जास्त अकरा. गेली चार वर्षं मी त्या पायऱ्यांवरून ये-जा करतोय, त्यांना 'जरा सरका' म्हणतोय, आणि ही माझ्या प्रस्तावातली माणसं आहेत हे डोक्यात आलं नाही. आता मागणी १८ ची १२ वर आणलीय.

पायऱ्यांचा एक फोटो काढलाय, पाठमोरा. जोडू का?

मेघना_अंबड

जोडा! दीपप्रज्वलनाचे सात फोटो काढून टाका आणि हा एक ठेवा.

कोऱ्या पानांचा

सरकारी योजनांबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, १९७२ चं, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालचं. त्यांच्या योजना दोन प्रकारच्या. समान निधीत राज्याचा वाटा आणि प्रतिष्ठानचा वाटा मिळून पैसा उभा राहतो, असमान निधीत प्रतिष्ठान आपल्या निधीतून देतं. असमानमध्ये बाल कोपरा आहे, फर्निचर-साधनसामग्री आहे, इमारत आहे. पंचवटीकर, तुमच्या कामाची अजून एक म्हणजे महोत्सवी वर्षाची: ५०, ६०, ७५, १०० अशी वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांसाठी. तुमचं १९६७ चं ना? २०२७ ला साठ. पन्नाशीला केला होतात का अर्ज?

प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, तिथून पुढे जातो. इंग्रजी किंवा हिंदीत, चार प्रतींत. आधी मराठीत लिहा, मग साध्या हिंदीत करा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपली माणसं उगाच मोठाले शब्द शोधतात. रकमेच्या मर्यादा आणि मुदत त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहा, मागच्या वर्षीची झेरॉक्स वापरू नका. आणि वाडा भाड्याचा असेल तर इमारतीच्या वाटेला जाऊ नका, हलवता येईल तेच मागा.

पंचवटीकर

पन्नाशीला आम्ही सत्यनारायण केला आणि मिसळ खाल्ली. योजनेचा पत्ताच नव्हता. साठीला सोडत नाही. वाडा भाड्याचाच आहे, भाडेपट्टा आहे पण.

वाचनवेडा इंजिनीअर

कॉम्प्युटरच्या मागणीबद्दल. 'संगणकीकरण, दोन लाख' असं लिहिलं असेल तर तोडा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवान्याचा पैसा शून्य, मराठी देवनागरीत नोंदी होतात. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे. खर्च कुठे येतो? माणसाच्या वेळेत. तुमची पुस्तकं किती, आठ हजार धरू? दाखल नोंदवही समोर ठेवून एका पुस्तकाची नीट नोंद करायला, बारकोड चिकटवून, पाच मिनिटं. चाळीस हजार मिनिटं, म्हणजे जवळपास ६६७ तास. रोज पाच तास बसलं तर १३३ दिवस. हा हिशेब प्रस्तावात जसाच्या तसा टाका आणि त्या १३३ दिवसांचं मानधन मागा. मशीन एक पुरे. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, ग्रंथालयशास्त्र शिकणारं कोणी मिळालं तर बघा, नोंदीतल्या चुका कमी होतील.

सिन्नरचा वारा

एक शंका. सगळं एकाच प्रस्तावात मागायचं का? रॅक, खुर्च्या, बालविभाग, कॉम्प्युटर?

निफाडची ग्रंथपाल

माझं मत, नाही. एका देणाऱ्याकडे एकच गोष्ट. बाल कोपरा राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडे, रॅक-खुर्च्या कंपनीकडे. एकाच वस्तूसाठी दोन ठिकाणी अर्ज केला असेल तर दोघांनाही तसं लेखी सांगा. दोन्हीकडून मंजूर झालं आणि एकाच बिलावर दोन उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचे दाखले) गेली, तर पुढची दहा वर्षं कोणी दारात उभं करणार नाही.

पंचवटीकर

धागा वर काढतोय. आठ महिन्यांनी.

चेंज रिपोर्ट मंजूर झाला, त्यालाच पाच महिने गेले. दरम्यान जूनमध्ये एका कंपनीला (मेघनाताईंची नव्हे) एक पानाची ईमेल केली. पहिलं वाक्य असं होतं: 'संध्याकाळी सहा वाजता आमच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर पाच ते अकरा विद्यार्थी बसून अभ्यास करतात, त्यांना आत बसवण्यासाठी १२ खुर्च्या आणि जागा मोकळी करण्यासाठी १० लोखंडी रॅक हवे आहेत.' खाली रक्कम, करासकट. आठवड्याने फोन आला, माणूस बघायला आला, सहालाच आला! पायऱ्यांवर त्या दिवशी सातजण होते. त्याने त्यांच्याशीच गप्पा मारल्या, माझ्याशी फार बोलला नाही.

१२ खुर्च्या पूर्ण मिळाल्या, रॅक दहाऐवजी सहा. कॉम्प्युटर मागितलाच नव्हता. बाल कोपऱ्याचा प्रस्ताव हिंदीत चार प्रतींत दिलाय, त्रुटी अजून तरी आलेली नाही.

रॅक परवा आले. भिंतीवर २०१६ च्या पाण्याची रेघ अजून आहे, आमच्या शिपाईमामांनी तेव्हा पेन्सिलीने तारीख घातली होती. जमिनीपासून साडेचौदा इंच. फॅब्रिकेटरकडून खालची फळी सोळा इंचांवर घेतली, त्यामुळे प्रत्येक रॅकमागे एक फळी कमी झाली. कार्यकारिणीत त्यावरून वाद झाला, पण मी ऐकलं नाही.

जुना हिशेबनीस

अभिनंदन. बिलं, पावत्या, रॅकवर रंगवलेला क्रमांक आणि जडवस्तू नोंदवहीतली नोंद, चारही जुळवून घ्या आजच. उद्यावर टाकलं की राहतं.

भो नाशिककर

एक नंबर भो! वशिल्याचं विधान अर्धं मागे घेतो.

पंचवटीकर

काका, जडवस्तू नोंदवही आहे, पण शेवटची नोंद २००९ ची, एका पंख्याची. बसतो आज. कंपनीने उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने मागितलंय, कोणाकडे भरलेला नमुना असेल तर विपू (विचारपूशीत निरोप) करा ना.

निफाडची ग्रंथपाल

केलाय. दुसऱ्या पानावर रक्कम अक्षरी लिहायची जागा आहे, ती मी विसरले होते, तुम्ही विसरू नका.